सर्वांचे अंगण

शाळेत रोज पहिल्या तासाला हजेरी होते. नाव पुकारले जाते, मुलगा ‘हजर’ म्हणतो आणि हजेरीपटावर खूण उमटते. ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की, हजेरीपट हा नोंदलेल्या मुलांचा असतो, गावातील सगळ्या मुलांचा नसतो, ही साधी गोष्ट आपल्या ध्यानातही येत नाही. ज्यांचे नावच पटावर नाही, त्यांची गैरहजेरी कोण मांडणार? प्रस्तुत लेखाचा विषय ही न मांडलेली गैरहजेरी हा आहे.

हा विषय आम्हांस पुस्तकातून सुचलेला नाही. आमच्या वर्गातील एक विद्यार्थिनी दर बाजाराच्या दिवशी हटकून गैरहजर राहत असे. दोनदा आम्ही तिला बोल लावला; तिसऱ्यांदा वहीत लाल शाईने शेरा मारला. पुढे निबंधाला ‘माझा आवडता खेळ’ हा विषय दिला असता इतरांनी क्रिकेट, कबड्डी, लगोरी यांवर लिहिले. हिने लिहिले ते असे: तिच्या धाकट्या भावाला बसता येत नाही, बोलता येत नाही, उजवी मूठ उघडत नाही, पण चिंध्यांचा चेंडू त्याच्या डाव्या हाताकडे सोडला, की तो चेंडू परत लोटतो आणि हसतो. हा खेळ बाजाराच्या दिवशी दिवसभर चालतो, कारण त्या दिवशी आई भाजी विकावयास बसते. निबंधात शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या. त्या दुरुस्त करावयास आम्ही लाल लेखणी हाती घेतली आणि तशीच खाली ठेवली.

त्या घरी आम्ही गेलो. मुलगा नऊ वर्षांचा. जन्मतः मेंदूला इजा झाल्यामुळे स्नायूंवर ताबा राहत नाही, अशा प्रकारची ती अवस्था. डॉक्टर तिला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. वडील मजुरीसाठी नागपूरकडे. घराबाहेर पडताना आई त्याला कडेवर उचलून घेई. तिने सांगितले की, पूर्वी ती त्याला घेऊन बालाघाटला दवाखान्यात जात असे. अलीकडे जमत नाही, कारण मुलाचे वजन वाढले आणि तिच्या पाठीत उसण भरू लागली. मूल वाढते, आईचे बळ वाढत नाही. ज्याला आपण एका मुलाचे अपंगत्व म्हणतो, त्याने एका मुलाचे बालपण, एका मुलीचे शिक्षण आणि एका स्त्रीचा रोजगार ही तिन्ही बांधून ठेवली होती. तेव्हा उपाय शोधावयाचा तो तिघांसाठी शोधला पाहिजे, हा पहिला धडा आम्ही त्या घरी शिकलो.

आता या प्रश्नाचा थोडा मागोवा घेऊ. आपल्या देशात अपंग मुलांच्या शिक्षणाची आधुनिक काळातील सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाली. मुंबईत कर्णबधिरांची शाळा १८८० नंतरच्या दशकात निघाली. १८८७ साली अमृतसर येथे अंधांची शाळा निघाली. १९०० साली मुंबईत अंध मुलांसाठी शाळा निघाली, ती पुढे दादर येथे नावारूपास आली. या सर्व संस्थांचे उपकार मोठे आहेत. त्यांनी ब्रेल लिपी, हस्तव्यवसाय आणि स्वावलंबन दिले. परंतु त्या शहरांत होत्या, एकेका प्रकारच्या अपंगत्वापुरत्या होत्या, आणि तेथे जाण्यासाठी मुलाला घरगाव सोडावे लागे. ज्याला गाव सोडणे शक्य नव्हते, त्याच्यासाठी उंबरठ्याच्या आतले जगच उरले.

सरकारनेही हे हळूहळू ओळखले. १९७४ साली अपंग मुलांना सामान्य शाळांत घेण्याची केंद्र सरकारची योजना सुरू झाली. १९९५ साली अपंग व्यक्तींचा कायदा झाला. २००७ साली भारताने संयुक्त राष्ट्रांच्या करारास मान्यता दिली आणि त्यास अनुसरून २०१६ साली दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा नवा कायदा झाला. पूर्वी अपंगत्वाचे ७ प्रकार मानले जात. या कायद्याने ते २१ केले. ज्याचे अपंगत्व ४० टक्के किंवा त्याहून अधिक आहे, अशा ६ ते १८ वर्षांच्या प्रत्येक मुलास जवळच्या शाळेत, किंवा पसंत असल्यास विशेष शाळेत, विनामूल्य शिक्षणाचा हक्क या कायद्याने दिला. त्या २१ प्रकारांत सिकल सेल हा रक्ताचा विकारही आहे. आपल्या मध्यप्रदेशाच्या आदिवासी पट्ट्यात तो पुष्कळ आढळतो, म्हणूनच त्याच्या निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेचा आरंभ १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे झाला. अशा मुलाचे हातपाय धड दिसतात. पण थंडी बाधली किंवा पाणी कमी पडले, की सांध्यांत असह्य कळा येतात. त्याला ‘आळशी’ म्हणणारे शिक्षक आम्ही पाहिले आहेत. डोळ्यांना दिसते तेवढेच अपंगत्व, हा समज त्यामुळे आपण सोडला पाहिजे.

२०११ च्या शिरगणतीत देशातील अपंग व्यक्तींची संख्या सुमारे २ कोटी ६८ लाख नोंदली गेली. कायदा आहे, संख्याही ठाऊक आहे. मग कटंगीतील ते मूल घरातच का? याचे कारण असे की, कायदा शाळेचे दार उघडतो. परंतु घराच्या उंबरठ्यापासून शाळेच्या दारापर्यंतचा रस्ता कायद्याने बांधला जात नाही. तो रस्ता शेजारपाजाऱ्यांनी बांधावयाचा असतो. हे कोठे घडले आहे काय, याचा शोध घेता आम्हांस काही उदाहरणे सापडली, ती विद्यार्थ्यांपुढे ठेवतो.

पहिले उदाहरण आपल्यापासून फार दूर नाही. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ बाबा आमटे व साधनाताई आमटे यांनी १९५१ साली आनंदवन वसविले, ते कुष्ठरोग्यांसाठी. पुढे तेथे अंध व कर्णबधिर मुलांच्या शाळा निघाल्या. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने मोठी गोष्ट निराळीच आहे. ज्या काळी कुष्ठरोग्याच्या सावलीलाही लोक भीत, त्या काळात, म्हणजे १९६० नंतरच्या दशकात, आनंदवनाने महाविद्यालय काढले आणि आसपासच्या खेड्यांतील सामान्य मुले तेथे शिकावयास येऊ लागली. ज्यांना समाजाने बाहेर काढले होते, त्यांच्याच अंगणात समाज आपली मुले घेऊन आला. गावाला हवेसे वाटणारे काहीतरी तेथे होते, म्हणून गाव आला.

दुसरे उदाहरण कोल्हापूरचे. श्रीमती नसीमा हुरजूक यांचे कमरेखालचे शरीर ऐन उमेदीच्या वयात लुळे पडले. स्वतः चाकाच्या खुर्चीवर असूनही हिंडूनफिरून उद्योग करणाऱ्या बाबूकाका दिवाण यांची गाठ पडली, आणि निराशेच्या जागी त्यांना काम सापडले. त्यांनी सरकारी नोकरी केली, आणि १९८४ साली रजनी करकरे, पी. डी. देशपांडे आदी सहकाऱ्यांसह ‘हेल्पर्स ऑफ द हॅंडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचे आत्मकथन पुष्कळांच्या वाचनात असेल. या संस्थेचे उचगाव येथील वसतिगृह ‘घरौंदा’ या नावाने ओळखले जाते. तेथे खेड्यापाड्यांतील अपंग मुले राहून शिकली. संस्थेने शाळा काढली ती मात्र केवळ अपंगांची काढली नाही. ‘समर्थ विद्यामंदिरा’त धडधाकट मुले आणि अपंग मुले एकाच बाकावर बसली. शाळेची इमारतच अशी बांधली की, चाकाची खुर्ची कोठेही अडू नये. पुढे सिंधुदुर्ग जिल्ह्यात ‘स्वप्ननगरी’ उभी राहिली आणि तेथे अपंग तरुण काजूवर प्रक्रिया करू लागले. आम्ही मूळचे कोकणी भाषिक. काजूच्या बिया फोडून आतला गर अखंड काढणे किती नाजूक काम आहे, हे आम्ही लहानपणी आजीजवळ बसून पाहिले आहे. ते काम बसल्या जागी करता येते. त्याला पायांची गरज नाही. ज्याने हा उद्योग निवडला, त्याने माणसात काय उणे आहे हे न मोजता काय शिल्लक आहे हे मोजले.

तिसरे उदाहरण एका आईचे. मुंबईच्या डॉ. मिठू अलूर यांच्या मुलीस, मालिनी हिला, सेरेब्रल पाल्सी होती. तिला शाळा मिळेना, तेव्हा त्यांनी १९७२ साली संस्था स्थापून अशा मुलांसाठी शिक्षण व उपचार एकत्र देणारे केंद्र काढले. मालिनी चिब पुढे मुंबईस व लंडनला उच्च शिक्षण घेऊन लेखिका झाल्या. पुढे ही संस्था धारावीसारख्या दाट वस्तीत गेली आणि तेथील अंगणवाड्यांत अपंग बालकांना इतर बालकांसमवेत बसवू लागली. स्वतंत्र इमारतीपासून निघून वस्तीतल्या अंगणवाडीपर्यंतचा हा प्रवास विचार करण्याजोगा आहे.

चौथे उदाहरण परदेशाचे आहे, पण खेड्याचे आहे म्हणून घेतो. मेक्सिको देशाच्या पश्चिमेस डोंगराळ मुलखात आहोया नावाचे खेडे आहे. तेथे १९८१ साली अपंग गावकऱ्यांनी स्वतःच एक पुनर्वसन केंद्र चालू केले. त्यांचे सहकारी डेव्हिड वर्नर यांनी त्या अनुभवावर १९८७ साली खेड्यातील अपंग मुलांविषयी ग्रंथ लिहिला. या केंद्राने लाकूडफाटा, दोर, जुने टायर यांपासून अपंग मुलांसाठी क्रीडांगण बांधावयाचे ठरविले, तेव्हा गावातील धडधाकट मुलांना सांगितले की, बांधकामास हात लावा, म्हणजे तुम्हांलाही येथे खेळता येईल. मुलांनी श्रमदान केले आणि ते क्रीडांगण सर्वांचे झाले. अपंग मुलांना खेळावयास जागा तर मिळालीच, शिवाय सोबती मिळाले. आणि सोबती कोणत्याही दुकानात विकत मिळत नाहीत.

या चारही उदाहरणांतून एकच सूत्र निघते. जे स्थान केवळ अपंगांसाठी असते, तेथे गाव दानापुरता येतो आणि निघून जातो. जे स्थान सर्वांच्या उपयोगाचे असून अपंगांना सोयीचे असते, तेथे गाव रोज येतो. आमच्या कोकणात गावोगाव ‘मांड’ असतो. शिगम्यात गाव तेथे जमतो, ढोल वाजतात, खेळ होतात. त्या मांडालाही मानापानाच्या मर्यादा होत्या, हे खरे. तरी गाव एकत्र यावयाची एक ठरलेली जागा असावी, ही कल्पना थोर आहे. इकडे पार आहे, चावडी आहे, समाजमंदिर आहे. आपणांस हवे आहे ते असे समाजमंदिर, की ज्याच्या पायऱ्या कोणासही अडविणार नाहीत.

असे केंद्र कटंगीत काढावयाचे तर काय लागेल? ते क्रमाने पाहू.

प्रथम जागा. मोठी इमारत नको. एक हवेशीर खोली, ओसरी, अंगण आणि पाणी पुरे. मात्र जागा बाजाराच्या वाटेवर असावी, गावाबाहेर नसावी. जोत्यास पायऱ्यांबरोबर उतार, म्हणजे रॅम्प, हवा. त्याचे गणित सोपे आहे: उंची १ तर लांबी १२. आपल्या शाळेच्या ओसरीस ६ इंचांच्या ३ पायऱ्या आहेत. म्हणजे उंची १८ इंच. तिच्यासाठी उताराची लांबी १८ फूट लागेल. विद्यार्थ्यांनी दोरी घेऊन हे अंतर अंगणात मोजून पाहावे. याहून आखूड उतार बांधला, तर खुर्ची वर चढविणाऱ्याची दमछाक होते आणि उतरताना खुर्ची हातची सुटते. दाराची रुंदी सुमारे ३ फूट हवी. शौचालयात खुर्ची वळण्यास ५ फुटांची मोकळी जागा हवी. ती नसेल तर वाढत्या वयाची मुलगी केंद्रात येणार नाही, हे निश्चित समजावे. पायऱ्यांच्या कडांना पिवळा रंग द्यावा, म्हणजे अंधुक दिसणारास कड कळते. एक कोपरा शांत असावा. स्वमग्न मुलास गोंगाट सोसत नाही.

दुसरी गोष्ट साधने. आपल्या जिल्ह्यात बांबू मुबलक आहे आणि हाताला कसब असलेले सुतार आहेत. दोन समांतर बांबू कमरेइतक्या उंचीवर रोवले, की उभे राहण्याचा सराव करता येतो. भिंतीच्या कोपऱ्यासारखी पाठ असलेली लाकडी खुर्ची केली, की ज्याचा तोल राहत नाही असे मूल ताठ बसू शकते. ताठ बसणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. आडवे निजवून भरविल्यास घास श्वासनलिकेत जाण्याचे भय असते. बसलेले मूल नीट गिळते, समोर पाहते, हात पुढे करते. अर्थात कोणत्या मुलास काय योग्य, हे फिजिओथेरपिस्ट किंवा डॉक्टर यांनी एकदा पाहून सांगितले पाहिजे. चुकीच्या ताणाने अपाय होतो.

तिसरी गोष्ट माणसे. २०१३ पासून राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाड्या व शाळांतून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. दिव्यांगत्वाचे ओळखपत्र, साहाय्यक साधने, विमा यांच्या योजना आहेत. परंतु अर्ज भरणे, कागद जुळविणे, ठरलेल्या दिवशी जिल्ह्याच्या गावी पोचणे यांत घरचे लोक थकून जातात. केंद्रात आठवड्यातून एकदा कोणी अर्ज भरून देणारा बसला, आणि चार घरे मिळून एका गाडीने बालाघाटला गेली, तरी निम्मे काम होते.

चौथी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट घरच्या माणसांची. केंद्रात आईला दोन तास मोकळे मिळाले पाहिजेत. त्या दोन तासांत तिने बाजार करावा, शिवणकाम करावे, किंवा नुसते बसावे. तिला कोणी जाब विचारू नये. भावंडांनी अभ्यास करावा. आईवडिलांच्या मनात एक प्रश्न सदैव असतो, तो उघडपणे बोलला जात नाही: ‘आमच्या पाठीमागे याचे कोण?’ १९९९ साली झालेल्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्याने स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असणाऱ्या व्यक्तींना वयाच्या १८ वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमण्याची सोय केली आहे. ही माहिती प्रत्येक घरी पोचली पाहिजे. पण कागदावरचा पालक आणि ओळखीचा गाव यांत अंतर आहे. लहानपणी ज्याच्याबरोबर गाव खेळला, त्याला मोठेपणी गाव टाकणार नाही, अशी आमची श्रद्धा आहे.

यावर कोणी म्हणेल, हे सर्व मागच्या जन्मीचे भोग आहेत. आम्ही एवढेच विचारतो की, भोग मुलाचे असतील, तर तीन पायऱ्या कोणाच्या? त्या तर गवंड्याने बांधल्या आहेत. दुसरा म्हणेल, आमच्या मुलांच्या अभ्यासाचे नुकसान होईल. आमचा अनुभव निराळा आहे, तो सांगतो.

गेल्या सत्रापासून बाजाराच्या दिवशी दुपारी शाळेच्या ओसरीवर आम्ही सतरंजी अंथरतो. पहिल्या खेपेस तेच एक कुटुंब आले. त्या दिवशी आमच्या हातून चूक झाली. तास संपल्याची घंटा जोराने वाजली. मुलाचे अंग ताठरले आणि तो रडू लागला, तो अर्धा तास रडला. आम्हांस वाटले, हा प्रयोग संपला. परंतु नववीच्या मुलांनी आपण होऊन ठरविले की, त्या दुपारी घंटेऐवजी एकाने वर्गावर्गांतून फिरून तास संपल्याचे सांगावे. आता पाच घरची मुले येतात. एक मुलगी ऐकू शकत नाही. तिने वर्गातील मुलींना आपल्या घरच्या खुणा शिकविल्या, आणि त्या मुली आता खुणांनी कुजबुजतात, तेव्हा शिक्षकांची पंचाईत होते. सिकल सेलचा त्रास असलेला एक मुलगा गणितात हुशार निघाला. त्यानेच उताराचे गणित फळ्यावर मांडून दाखविले.

तरीही ओसरी म्हणजे केंद्र नव्हे. तीन पायऱ्या तशाच आहेत. त्या मुलाला अजून चौघे मिळून वर उचलतात. पुढल्या वर्षी तो दहा वर्षांचा होईल, त्यानंतर अकरा. आणि एक दिवस असा येईल की, त्याला उचलणे होणार नाही आणि तो पुन्हा घरातच राहील. म्हणून १८ फुटांच्या त्या उताराची आम्हांस घाई आहे. विटा, वाळू, सिमेंट आणि दोन दिवसांची मजुरी, एवढ्याचा हा प्रश्न आहे. माजी विद्यार्थ्यांत गवंडी आहेत, ट्रॅक्टरवाले आहेत, व्यापारी आहेत. हा अंक त्यांच्याही हाती पडेल.

विद्यार्थ्यांकडून मात्र आम्हांस पैसा नको. त्यांनी आपापल्या गल्लीत पाहावे, कोणते मूल दिसत नाही. त्याचे नाव विचारावे. रोगाचे नाव आधी विचारू नये. ‘बिचारा’ हा शब्द टाळावा. त्याच्या आईला वाटेत भेटून ‘काकू, आम्ही याला खेळावयास नेऊ का?’ असे विचारावे, आणि ठरलेल्या वेळी खरोखरच जावे.

या शेवटच्या गोष्टीवर आम्ही भर देतो, त्याचे कारण आहे. पहिल्यांदा आम्ही त्या घरी गेलो, तेव्हा निघताना त्या माउलीने विचारले होते, “गुरुजी, फोटो काढून नेणारे येऊन गेले. तुम्ही पुढल्या बाजारी याल का?” आम्ही ‘येऊ’ म्हणालो. पुढला बाजार आला, तेव्हा पाऊस फार होता आणि मनात एकदा आले की, आज राहू द्यावे. मग तो हजेरीपट आठवला, वहीतला लाल शेरा आठवला, आणि छत्री घेऊन निघालो. ती दारात उभी होती.